स्पेक्ट्रमसाठी नवा केम्पस्टन इंटरफेस बनवलाय, विकायला काढू का?

जुनाबोर्ड_पुणे

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण मागचं सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

आमच्या घरी बाबांनी ८७ साली डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर आणला होता, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमचा परवाना घेऊन ८६ पासून आपल्याकडे विकायला काढला होता तोच. मी तेव्हा चौथीत. टेप रेकॉर्डरचा व्हॉल्यूम नेमका किती ठेवला की गेम लोड होतो त्याची बाबांनी नखाने खूण केली होती, ती अजून त्या नॉबवर आहे. मधे कितीतरी वर्षं मशीन माळ्यावर होतं. दोन वर्षांपूर्वी खाली काढलं, सगळे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलले, व्होल्टेज रेग्युलेटर ७८०५ बदलला, खालच्या सोळा के मेमरीमधली एक ४११६ रॅम चिप गेलेली होती ती बदलली आणि बाबांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्यासमोर चालू केलं. ते काही बोलले नाहीत, फक्त उठून खुर्ची जवळ ओढून बसले.

आता मुद्दा. आमचा जॉयस्टिकचा इंटरफेस हरवला होता म्हणून मी नवीन बनवला. केम्पस्टन म्हणजे स्पेक्ट्रमला जॉयस्टिक जोडायची एक पद्धत, आत तसं फार काही नसतं, मशीनने पोर्ट ३१ वाचला की पाच बिट द्यायचे, उजवं डावं खाली वर आणि फायर, बस. प्रोसेसरच्या आयओआरक्यू, आरडी आणि ए५ या तीन लाइनी ७४एचसी३२ च्या दोन ऑर गेटमधून घेतल्या, तिन्ही लो झाल्या की ७४एलएस२४० हा बफर उघडतो आणि जॉयस्टिकची स्थिती डेटा बसवर जाते. जॉयस्टिक दाबली की लाइन ग्राउंडला जाते आणि स्पेक्ट्रमला तिथे १ हवा असतो म्हणून उलटवणारा बफर. वरचे तीन बिट मुद्दाम शून्य ठेवलेत कारण काही गेम ते बघूनच केम्पस्टन लावलाय का ते ठरवतात.

दहा पीसीबी मागवले होते. चार ओळखीच्यांना दिले आणि एकाने फोटो टाकल्यापासून रोज मेसेज येतायत, तीस-एक लोक तरी मागे लागलेत, त्यात इंग्लंड आणि स्पेनचे पण आहेत. तर विचारायचंय असं की हे विकणं कायद्यात बसतं का, किंमत कशी लावायची, आणि पुढे अख्खा मदरबोर्डच नवीन बनवून विकावा असं डोक्यात आहे, हार्लेक्विन नावाचा नव्याने बनवलेला बोर्ड आहे तसा, ते कितपत शहाणपणाचं? अजून एक, माझ्या मशीनवर इंटरफेस एकदम व्यवस्थित चालतो पण चारातल्या एका मित्राच्या मशीनवर मधेच आपोआप डावीकडे जातं. त्याच्या जॉयस्टिकचा दोष असावा असं वाटतंय.

लॅमिंग्टनरोड_काका

छान काम केलंयस. पण जॉयस्टिकला दोष देण्याआधी तुझा ७४एचसी३२ बघ. झेड८०, म्हणजे स्पेक्ट्रमचा प्रोसेसर, जुन्या एनमॉस प्रकारचा असेल तर त्याचं हाय आउटपुट टीटीएलच्या हिशोबाचं असतं, २.४ व्होल्टपर्यंतचीच खात्री. एचसी ला पाच व्होल्टवर साधारण साडेतीनच्या वर गेल्याशिवाय हाय धड कळत नाही. म्हणजे ए५ हाय आहे आणि तुझ्या गेटला तो मधेच लो वाटला की २४० नको तेव्हा उघडणार, बसवर दोघं एकदम बोलणार आणि गेममधला माणूस डावीकडे जाणार. तुझ्या मशीनवर चालतं कारण तुझ्या झेड८० चं आउटपुट नशिबाने वर जातंय. एचसीटी टाक नाहीतर सरळ एलएस टाक. पाय तेच, पीसीबी बदलायला नको. चारही जणांना चिप बदलून दे, ज्यांचं चालतंय त्यांनाही.

आता दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. मशीनच्या मागच्या पट्टीवर बसतो त्या तुझ्या एज कनेक्टरला 'की' आहे का, म्हणजे तो चुकीच्या जागी बसू नये म्हणून आत बसवतात तो तुकडा? फोटोत दिसत नाहीये.

जुनाबोर्ड_पुणे

काका नाहीये. दोन बाय अठ्ठावीसचा तयार मिळाला नाही म्हणून लांब कनेक्टर आणून कापला, पाचव्या जागी की बसवायची राहिली. घट्ट बसतो पण. एचसीटी चं लगेच करतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लॅमिंग्टनरोड_काका

मग आधी हे वाच आणि तोवर एकही पाकीट पोस्टात टाकू नकोस.

स्पेक्ट्रमच्या मागच्या पट्टीवर खालच्या बाजूला तिसरी पिन पाच व्होल्ट आहे, चौथी नऊ व्होल्ट, आणि पाचव्या जागी खाच. ती खाच तिथे आहे म्हणून कनेक्टर एकाच जागी बसतो. की नसलेला कनेक्टर कापताना कडेला अर्धा मिलिमीटर जास्त राहिला आणि तो एक पिन सरकून बसला तर नऊ व्होल्ट सरळ पाचच्या लाइनवर. आणि तो नऊ नुसता म्हणायला नऊ, जुना अॅडॉप्टर लोड नसताना बारा-तेराही देतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक स्पेक्ट्रम आला होता, माणसाने नेटवरून कोणाकडून तरी स्वस्तातला इंटरफेस घेतला होता, की नव्हती. उघडला तर यूएलए, म्हणजे स्पेक्ट्रमची स्वतःची खास चिप, गेलेली, झेड८० गेलेला, रॉम गेलेली आणि खालच्या आठ रॅमपैकी सहा गेलेल्या. यूएलए फेरांटीची, ती आता कोणी बनवत नाही, मेलेल्या बोर्डावरून काढून तरी लावायची नाहीतर एफपीजीएवाली बदली मागवायची. तो माणूस मशीन वडिलांचं आहे म्हणाला आणि त्या बोर्डाला हात लावून बराच वेळ उभा राहिला. मी दुरुस्त करून दिलं, चार महिने लागले.

घट्ट बसतो म्हणतोस ते आज. वीस वेळा लावल्या-काढल्यावर? आणि घाईत अंधारात टेबलामागे हात घालून लावणारा मुलगा? चालू मशीनवर कनेक्टर हलला तरी ४११६ चे हाल होतात, त्यांना पाच, बारा आणि उणे पाच असे तीन व्होल्टेज लागतात आणि त्यातलं उणे पाच क्षणभर गेलं आणि बारा राहिलं की त्या मरतात, बरोबर ती व्होल्टेज बनवणारा ट्रान्झिस्टर टीआर४ पण जातो. स्पेक्ट्रमवर काम केलेल्या कोणालाही विचार, टीआर४ म्हटलं की तो मान हलवेल.

की साठी वेगळं काही लागत नाही. पाचव्या जागच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पिना उपटायच्या आणि तिथे दीड मिलिमीटरचा पीसीबीचाच तुकडा घासून एपॉक्सीने बसवायचा. कोपऱ्यातून डोकावून बघायचं, तुकडा सरळ उभा पाहिजे. मग विकायचं बोल.

रबरकी

कायद्याचं मी सांगते, वकील नाही पण या छंदातले बरेच वाद जवळून बघितलेत.

इंटरफेसमध्ये कोणाचा प्रोग्रॅम नाही, रॉम नाही. सर्किटवर एखादं पेटंट असतंच तरी त्याची मुदत वीस वर्षांची, ते केव्हाच संपलं. त्यामुळे त्या बाजूने काळजी नको. पण तू पीसीबी स्वतः काढलास का कोणाची फाइल घेऊन थोडा बदल केलास? हे खरं सांग. कारण नेटवर बरीच डिझाइन्स अशी आहेत की स्वतःपुरती बनवा, पण विकायला मनाई. लोक तो परवाना वाचतच नाहीत. ज्याने रात्री जागून ते काढलं आणि सगळ्यांना दिलं त्याचाच बोर्ड त्याच्या नावाशिवाय विकायचा हे मला फार लागतं. मूळ माणसाला एक मेल टाकली तर बहुतेक जण हो म्हणतात, एखादा दोन बोर्ड पाठव एवढंच म्हणतो.

मदरबोर्डाचं मात्र वेगळं. यूएलए आतून कशी आहे ते क्रिस स्मिथने चिपच्या सिलिकॉनच्या फोटोवरून उलगडून २०१० मध्ये छापलं, त्यामुळे आज साध्या ७४ मालिकेच्या चिप्सवर अख्खा स्पेक्ट्रम उभा करता येतो, हार्लेक्विन तोच. हार्डवेअर जमेल. अडचण त्या सोळा के रॉमची, मशीनचा मूळ प्रोग्रॅम असतो त्या चिपची. सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा आणि नाव १९८६ च्या एप्रिलमध्ये अॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडाला घेतलं, पुढे २००७ मध्ये अॅमस्ट्रॅडच स्काय कडे गेली. १९९९ मध्ये अॅमस्ट्रॅडने सांगितलं होतं की कॉपीराइटची ओळ तशीच ठेवून रॉम वाटायला हरकत नाही, पण ते इम्युलेटर लिहिणाऱ्यांना होतं. एपरॉममध्ये बर्न करून बोर्डाबरोबर विकायला तीच परवानगी चालते असं धरू नकोस. सॉकेट रिकामा पाठव, नाहीतर ओपनएसई बेसिक टाक, ती मुक्त परवान्यातली रॉम आहे आणि बरंच काही तिच्यावर चालतं.

आणि बोर्डावर सिंक्लेअर किंवा झेडएक्स स्पेक्ट्रम हे नाव छापायचं नाही, ते चार रंगांचे पट्टेही नाही. "अमुक मशीनला चालतो" एवढं माहितीत लिहिलं तर पुरे. त्याऐवजी बोर्डावर तुझं टोपणनाव, आवृत्ती आणि साल तांब्यातच कोरलेलं असू दे, पांढऱ्या शाईत नको, ती खरवडता येते. कारण सांगते. अॅपल वन साधारण दोनशेच बनले होते, १९७६ ला ६६६.६६ डॉलरला, आणि २०१४ मध्ये त्यातला एक लिलावात नऊ लाख पाच हजार डॉलरला गेला. त्याच्या हुबेहूब नकला लोकांनी शिकायला म्हणून प्रेमाने बनवल्या, पण जुन्या तारखेच्या चिप्स शोधून लावल्या की वरवर बघून फरक करणं अवघड, म्हणून नक्कल बनवणाऱ्यावरच ती नक्कल आहे हे कायमचं लिहून ठेवायची जबाबदारी येते. स्पेक्ट्रमला तेवढे पैसे येत नाहीत हे खरं पण आज तू विकलेला बोर्ड अजून वीस वर्षांनी कोणाच्या हातात असेल ते तुला माहीत नाही.

जुनाबोर्ड_पुणे

रबरकी ताई, पीसीबी माझाच आहे, कागदावर काढून मग कॅडमध्ये घेतला. डीकोडिंगची कल्पना नेटवरच्या एका जुन्या स्किमॅटिकवरून घेतली होती, त्यावर नाव नव्हतं. ते स्किमॅटिक आणि माझ्या फाइली दोन्ही टाकीन. साल आणि आवृत्ती तांब्यात हे एकदम पटलं.

काका, तुमचं वाचून चौघांनाही फोन केला की काढून ठेवा. एकाकडे जाऊन बघितलं तर खरंच जवळजवळ अर्धी पिन सरकलेला होता, खाचेच्या कडेवर तांब्याला घासल्याची बारीक रेघ दिसली. मशीन बंद होतं म्हणून वाचलं.

फुकट_द्या

एक विचारतो, राग मानू नका. एवढी साधी गोष्ट आहे तर फाइली टाकून द्या ना, ज्याला पाहिजे तो बनवेल. हे जुन्या छंदात पैसे मिळवणं मला बरोबर वाटत नाही. मूळ कंपनीने केलं, आपण त्यावर कमवायचं कशाला.

लॅमिंग्टनरोड_काका

राग नाही, प्रश्न रास्त आहे. पण जरा हिशोब बघ. घरी बनवणाऱ्याला पाच पीसीबी एकदम मागवावे लागतात, एकच हवा असला तरी. मग एज कनेक्टर, तो सगळ्या चिप्स मिळून होतात त्यापेक्षा महाग, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात रोज नवीन पिढीचा माल, दशांश एक इंचाच्या पिचचा कनेक्टर मागितला की दुकानदार आत जाऊन धूळ झटकून एखादा आणतो नाहीतर नाही म्हणतो. ज्याच्याकडे सोल्डरिंग आयर्न नाही तो काय करणार? त्याचं मशीन बंदच राहणार. चाळीस वर्षांचं मशीन चालू राहायचं तर कोणीतरी त्याचे भाग बनवून, तपासून, पाकिटात घालून पाठवायलाच पाहिजेत, आणि ते माणूस पदरचे घालून दोनदा करेल, तिसऱ्यांदा नाही करणार. मी असे तीन-चार चांगले हात बघितलेत, लाजून लागत खर्चाला विकलं, मग एक लॉट खराब निघाला, सगळ्यांना परत करण्यात खिसा रिकामा झाला आणि त्यांनी सगळंच सोडलं. त्यांचे बोर्ड आता मिळत नाहीत. नुकसान कोणाचं झालं?

तेव्हा जुनाबोर्ड, किंमत लावताना तुझा वेळ धर, तपासायची वीस मिनिटं धर, आणि दहातला एक परत येणार असं धरूनच लाव. फाइली पण टाक. दोन्ही एकदम करता येतं.

सीसिक्स्टीफोर_म्युनिक

मी कमोडोरवाली आहे तरी लिहिते कारण असे भाग मी दरवर्षी विकत घेते, आपल्यातल्या कोणी बनवलेला पहिल्यांदाच बघतेय आणि मला मनापासून आनंद झालाय.

आमच्याकडे कमोडोर ६४ चा जुना पॉवर सप्लाय हा मशीन मारणारा, आतलं सगळं एपॉक्सीत बुडवलेलं, रेग्युलेटर तापून तापून एक दिवस पाचच्या जागी जास्त व्होल्टेज देतो आणि रॅम जातात. म्हणून नवे सप्लाय बनवणारे बरेच. मी कोणाकडून घेते ते सांगते, जो प्रत्येक नगाबरोबर एक चिठ्ठी घालतो, लोड लावून किती व्होल्ट मोजले, कोणत्या तारखेला, पेनाने लिहिलेलं. दुसऱ्याचा दोन युरोने स्वस्त असला तरी मी याच्याकडूनच घेते. तू पण तसं कर. कोणत्या मशीनवर लावून तपासला ते लिही.

युरोपात पाठवताना दोन गोष्टी. शिसं नसलेलं सोल्डर वापर, आणि १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची सूट गेली, आता कितीही छोट्या पाकिटावर व्हॅट लागतो, तेव्हा घेणाऱ्याला आधी सांग, नाहीतर तो दारात पोस्टमनशी भांडतो आणि पाकीट परत येतं. जर्मनीत इलेक्ट्रिकल वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची भानगड पण आहे, सुरुवातीला इथे नको पाठवूस, मी भारतात येईन तेव्हा घेऊन जाईन.

कोथरूड_एक्स्पोर्ट

भारतातून बाहेर पाठवायचं तर आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड नंबर काढ, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) साइटवर ऑनलाइन होतो, फी ५०० रुपये. जीएसटी नोंदणी आणि एलयूटी हे हमीपत्र लागेल, त्यासाठी सीए ला एकदा भेटच. पोस्टाची डाक निर्यात केंद्रं आहेत, तिथून कस्टमचा कागद ऑनलाइन भरता येतो. "गिफ्ट" असं लिहून पाठवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, पैसे घेतलेत म्हणजे ते गिफ्ट नाही.

सोल्डर_सांगली

चिप्सबद्दल थोडं. मदरबोर्डाचा विचार असेल तर झेड८० आधी बघा, झायलॉगने २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं की झेड८४सी०० बंद, शेवटच्या ऑर्डरी जूनपर्यंत, म्हणजे ७६ पासून चाललेलं संपलं. तेव्हापासून नेटवर स्वस्तात जे मिळतंय त्यात घासून नवं नाव छापलेले बरेच. मी एका विक्रेत्याकडून दहा घेतले, सगळ्यांवर तारखेचा कोड एकच, पण पाठीवरचे साच्याचे गोल खड्डे तीन वेगवेगळ्या प्रकारचे. कापसाला असिटोन लावून पुसलं तर छपाई निघून आली आणि खाली जुनी अक्षरं. दहातले चार चालले, त्यातला एक गरम झाल्यावर हँग. ४११६ चं पण तेच. म्हणून मी म्हणतो मदरबोर्ड विकायचा तर झेड८० शिवाय विका, ज्याचा त्याने आणावा, नाहीतर तुम्ही तपासलेलाच द्या. न तपासलेली चिप पाकिटात घालू नका.

आणि मदरबोर्डाच्या आधी प्लस च्या कीबोर्डाची मेम्ब्रेन, बटणांखालचं ट्रॅक छापलेलं पातळ प्लॅस्टिक, बनवा हो कोणीतरी आपल्याकडे. जुन्या सगळ्या वाळून शेपटीच्या घडीवर तुटतायत. माझ्याकडे तीन प्लस आहेत, तिन्हीचे बोर्ड चालू, एकावरही टाइप करता येत नाही. बाहेरून मागवली तर येईपर्यंत किंमत दुप्पट.

जुनाबोर्ड_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय, मधे काम करत होतो.

एचसीटी३२ टाकल्यावर त्या मित्राच्या मशीनचं डावीकडे जाणं थांबलं. तो तीन तास खेळला, एकदाही नाही. काका, तुम्ही फोटोवरून सांगितलंत ते बरोबर निघालं. चौघांनाही चिप बदलून आणि की बसवून दिली.

दुसरी आवृत्ती काढलीय. तांब्यात साल आणि आवृत्ती, नाव फक्त माझं, कनेक्टरला की आणि शिवाय डबीच्या प्लॅस्टिकला दोन्ही बाजूंनी कान ठेवलेत म्हणजे आडवा हलणारच नाही. बोर्डाच्या मागे मराठीत आणि इंग्रजीत "मशीन बंद करूनच लावा-काढा" असं छापलंय. पहिला लॉट पंचवीसचा, फक्त भारतात, प्रत्येकाबरोबर म्युनिकच्या ताईंनी सांगितली तशी चिठ्ठी. आमच्याच प्लस वर प्रत्येक नग तासभर चालवतोय, बाबा बसतात तपासायला, आठ झाले. एकाचं फायरचं बटण मधेच लागत नव्हतं, त्यांनीच पकडलं, नऊ पिनांच्या कनेक्टरच्या सहाव्या पिनेला ड्राय सोल्डर होता.

मदरबोर्ड सध्या बाजूला ठेवलाय. सांगलीकर, तुमच्या तीनातली एक तुटकी मेम्ब्रेन मला पाठवता का? परत देईन. प्लस ची साध्या रबर कीबोर्डापेक्षा जास्त थरांची असते ना, तर थर सोडवून एकेक स्कॅन करून ट्रॅकची रुंदी मोजायचीय. भोसरीत मायक्रोवेव्हच्या बटणांच्या मेम्ब्रेन छापणारा एक कारखानदार भेटलाय, चांदीच्या शाईत छापून देतो म्हणाला, पण कमीत कमी शंभर नग घ्यावे लागतील आणि नमुना हातात पाहिजे.

सोल्डर_सांगली

उद्याच पाठवतो, तीनही पाठवतो. वेगवेगळ्या जागी तुटल्यात, तिन्ही एकत्र ठेवल्या की अख्खा ट्रॅक दिसेल. दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट ठेवून पाठवतो, गुंडाळत नाही. शंभरातल्या दहा माझ्या धरा.